जाड दोरी, बारीक दोरी

आमच्या पथकाचं नाव माळढोक,
आणि आमच्यातल्या एकानेही माळढोक पाहिलेला नव्हता.
हत्तुरे सरांनीही नसावा, असा आमचा संशय.
ते नुसते नान्नजच्या बाजूला हात करायचे:
तिकडं असतो. गप बसलं की दिसतो.

आम्ही गप बसणारे नव्हतो.

शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात
प्रत्येकाची खाकी वेगळी,
मकबूल नदाफची चहासारखी, रेवणसिद्धची मातीसारखी,
अंबादास येमूलची भावाची, कमरेला सुतळी.
रीफ नॉट, क्लोव्ह हिच.
अंबादासला एकही यायची नाही.
सर ओरडले की तो तेलुगूत गप्प व्हायचा.

गड्ड्याच्या यात्रेत आमची ड्यूटी चपलांवर.
चार दिवसांत अकराशे जोड सांभाळले
आणि एका म्हाताऱ्याची डावी चप्पल घालवली.
तो काही बोलला नाही,
उजवी हातात घेऊन अनवाणी गेला.
मी संघनायक. वहीत लिहिलं: एक कमी.

फेब्रुवारीत कॅम्प, नान्नजच्या माळावर.
गवत गुडघ्यापर्यंत, वारा कानात,
तंबू तिरका, भातात खडे,
भाकरीवर शेंगाचटणी होती म्हणून जगलो.
दुसऱ्या दिवशी पाणी संपलं.
विहीर होती. पोहरा सोडला,
दोर चार हात कमी.

तंबूची बारीक दोरी आणली,
काथ्याच्या जाड दोराला जोडली.
गाठ मी मारली. रीफ नॉट, अगदी पुस्तकातली.
पोहरा अर्ध्यावर आला आणि गाठ सुटली.
खालून आवाज आला, मग बराच वेळ काही नाही.
सगळे माझ्याकडे बघत होते,
आणि मी विहिरीकडे.

अंबादास पुढं आला.
तोंडात जाड दोराचं टोक, चिमटीत बारीक दोरी,
अंगठा एकदा हलला.
बस्स.
बादली बांधली, सोडली, ओढली.
पाण्यात एक बेडूक होता,
आम्ही त्यालाही टाळ्या वाजवल्या.

का बे, कुठं शिकलास? सर.
घरी, तो म्हणाला. धागा तुटला की अम्मा लावते.

सर गाठीकडे बघत राहिले.
शीट बेंड, पुढच्या महिन्याचा धडा.
दोन असमान दोऱ्यांसाठी.

त्या रविवारी सरांनी सगळं पथक
रांगेत, स्कार्फसकट, अंबादासच्या घरी नेलं.
पत्र्याचं शेड, चौदा माग, एकच खटाखटा,
सर बोलत होते, त्यांचे ओठ तेवढे दिसत होते.
केसांत कापूस, पदर खोचलेला,
त्याची अम्मा तुटलेला धागा लावायची
आणि पुढच्या मागाकडे जायची.
आम्हाला काही दिसलंच नाही. इतकं भराभर.
मकबूलने पुन्हा दाखवा अशी खूण केली,
तिनं पुन्हा दाखवलं, पुन्हा काही दिसलं नाही.

मग लाईट गेली.
चौदाही माग एकदम थांबले.
असली शांतता मी माळावरही ऐकली नव्हती.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
दारातून उन्हाची एक पट्टी आत आली होती,
ती तिथं उभी राहिली, दोन धागे धरून,
आणि हळू, फार हळू,
एक आडवा, एक खालून, अंगठ्याभोवती वेढा,
दात, ओढ.
तिच्या करंगळीवर जुना कापलेला वण होता.

याला काय म्हणता? सरांनी विचारलं.
तिला प्रश्न कळायला वेळ लागला.
मुडी, ती म्हणाली. गाठीला अजून काय म्हणणार?
सरांनी तीन बोटांचा सॅल्यूट केला.
ती लाजली, आणि आम्हाला पाणी द्यायला
पोराला आत पिटाळलं.
त्यांच्याकडे नळ चार दिवसांनी यायचा,
आम्ही बावीस जण होतो,
प्रत्येकाला पेला भरून मिळाला.

जिल्ह्याच्या लेखी परीक्षेत सातवा प्रश्न:
असमान जाडीच्या दोऱ्या जोडणाऱ्या गाठीचं नाव लिहा.
मला येत होतं.
मी लिहिलं, मुडी.
एक मार्क गेला.
सरांनी पेपर बघितला,
घडी घालून खिशात ठेवला,
आणि शिट्टी वाजवली.