पान सतरा

एस्टोनियातल्या हीउमा बेटावर
नगरपालिकेचं अंदाजपत्रक मी मांडते.
पान सतरा: सभागृहातला पियानो,
सूर लावणे, वर्षातून दोनदा.
त्याच्याच खाली बर्फ ढकलायची गाडी,
डिझेलसह.

मासळीचा कारखाना बंद पडला
तेव्हापासून हे वरचं कलम सलतंय.
गाडी चालवणारा लेम्बिट तर दर सभेत उठतो:
रस्ता आधी, टिंगटिंग मग.

मार्चमध्ये उर्मास फेरीबोटीने आला,
ओला कोट खुर्चीवर टाकून तारांत वाकला.
तासभर एकच पट्टी,
कुणी दार उघडत नसताना
ठोठावत राहावं तशी.
मी लाल पेन्सिल घेऊन मागे बसलेली.

दारात लेम्बिट. बुटांवर बर्फ.
किल्ली द्यायला आला होता, थांबला.
"डावीकडची चौथी," तो म्हणाला,
"अजून रडतेय."
उर्मासने हातोडी फिरवली. "आता?"
"थोडी अजून."
"आता?"
लेम्बिटने टोपी काढली.

फॉर्मवर रकाना असतो: लाभार्थ्यांची संख्या.
मी एक लिहिलं. खोडलं.
मग रकाना तसाच सोडला.

उर्मासचं परतीचं तिकीट
कुठल्याच कलमात बसेना,
ते डिझेलातून काढलं.
लेम्बिटने सही केली,
खिडकीतून रस्त्याकडे बघत.