दोनदा उकळून

बाघच्या पुढे, जिथे रस्ता पांढरा होत जातो,
तिथली टेकडी म्हणजे एका समुद्राचा तळ.
नानसिंग डावर यांनी काठीनं दाखवलं:
दगडात रुतलेला शंख, शंखाशेजारी भेग,
आणि भेगेत हे. वीतभरही नाही.
हिरवं म्हणावं तर राखाडी,
राखाडी म्हणावं तर उन्हाच्या बाजूनं जांभळं.
मी गुडघ्यांवर बसले. चष्मा घामानं घसरला.

माकडशिंगी मला ठाऊक आहे,
तीस वर्षं फळ्यावर काढली आहे.
ही ती नव्हे.
हिचं फूल शेंड्याला नाही, मधेच, एकटं,
वालाएवढं, कलेजीच्या रंगाचं,
कडेला केस, वारा पडलेला असतानाही हलणारे.
आणि वास. मेलेल्या उंदराचा, खरं सांगायचं तर.
माश्या येतात. तिला त्याच हव्या असतात.

नानसिंगांची नात रेमली म्हणाली,
ही तर आम्ही खातो.
दोनदा उकळायची, पहिलं पाणी फेकायचं,
मग लसूण-मिरची. नाहीतर कडूजार.
मी वहीत लिहिलं, स्थानिक उपयोग: भाजी.
तिचा शब्दही लिहायला घेतला.
ती तीनदा म्हणाली, मी तीनदा चुकले.
तो आवाज देवनागरीत नव्हता
की माझ्या कानात नव्हता, कोण जाणे.

इंदूर. रामबाग, तिसरा मजला.
टिपकागद, त्यावर हिंदी पेपर, त्यावर फळी,
फळीवर ह्यांचे कधीच न उचललेले डंबेल्स.
नव्या जातीला आधी लागतं एक मेलेलं झाड,
नीट मेलेलं, सपाट, पुठ्ठ्यावर टाके घालून बसवलेलं,
ज्याच्याकडे बोट दाखवून पुढचे म्हणतील: ही ती.

अकराव्या दिवशी रेशमवालेकाकू दारात.
'काय हो, तुमच्याकडे उंदीर मेलाय का?'
फळी काढली.
पहिल्या पानावर शहर स्वच्छ असल्याची बातमी,
आणि बातमीवर उमललेलं फूल.
माती नाही, पाणी नाही, उजेड नाही,
सात किलो लोखंड छातीवर,
आणि केस हलताहेत.
एक माशी कुठून तरी आलीसुद्धा.

मी आधी मोजलं. खोटं कशाला बोलू?
अकरा मिलिमीटर.
मग वाईट वाटलं.

पुस्तकात उपाय आहे:
मांसल झाडं दाबण्यापूर्वी उकळत्या पाण्यात बुडवावीत.
वाचलं होतं. विसरले होते,
किंवा विसरायचं ठरवलं होतं.
चहाचं भांडं गॅसवर ठेवलं.
पहिलं पाणी हिरवं झालं, मोरीत ओतलं.
दुसऱ्या पाण्याची शास्त्राला गरज नव्हती.
तरी ठेवलं.
स्वयंपाकघरात वास आला, कुजका नाही,
कोवळ्या पडवळाचा असतो तसा,
आणि मला चक्क भूक लागली.

वर्णनाला चार महिने लागले.
खोड चार धारांचं, पानं खवल्यांएवढी, लवकर गळणारी,
चीक पाणीदार.
'खालील बाबतींत भिन्न' हे वाक्य सात वेळा खोडलं.
भिन्न कुणाहून?
ज्यांची नावं आधी छापली गेली, त्यांच्याहून.
नावाच्या जागी रेमलीचा शब्द घातला,
माझ्या चुकीसकट, लॅटिन शेपूट लावून.
स्थळ मात्र मुद्दाम अर्धवट: धार जिल्हा, चुनखडीचे डोंगर.
पायथ्याशी चुन्याची भट्टी आहेच,
कुंड्यांचे शौकीन कशाला बोलवायचे?

एक बोट मी कुंडीत रोवलं होतं,
त्याची नोंद कुठल्याच कागदात नाही.
माघात त्याला शेंग धरली, दोन शिंगांची.
भर दुपारी उकलली.
बिया, प्रत्येकीला रेशमाची शेंडी,
गच्चीवरून उत्तरेकडे निघाल्या.

रेशमवालेकाकूंच्या कठड्याला
अजून जुन्या चुन्याचा गिलावा आहे,
बऱ्यापैकी तडे गेलेला.
मी त्यांना काही सांगितलेलं नाही.