सातवा टेक

पाळीच्या खाणीवर शूटिंगवाले आले
तेव्हा तिथं लाल काहीच उरलं नव्हतं.
सहा पावसांनी धुऊन नेलेली धूळ
कलादिग्दर्शकाच्या पोऱ्यानं
साखळीच्या बाजारातून गेरूच्या पुड्यांत परत आणली
आणि बाबांच्या शर्टाला हातानं फासली.
थोडी भुवयांवरही, कुणी म्हणालं.
बाबा डोळे मिटून उभे,
न्हाव्यापुढं बसतात तसे.

ट्रक आमचाच. म्हणजे बँकेचा.
त्याची गोव्याची नंबरप्लेट काढून
दुसऱ्याच राज्याची लावली.
गोवा म्हटला की समुद्र दाखवावा लागतो
आणि या गोष्टीत समुद्र नाही,
असं तो जाडा असिस्टंट समजावत होता
आंतोनला, जो उभ्या आयुष्यात
दोनदाच कळंगुटला गेला, तेही भाडं घेऊन.
काचेवरची शांतादुर्गा मात्र खरवडून निघेना.
राहू दे, म्हणाले, फोकसमध्ये नाही.

सीन मोर्चाचा.
माणशी आठशे रुपये, दुपारचं जेवण,
पोलिसांच्या हातात रबराच्या काठ्या.
काठी अजून हवेतच होती
आणि बाबांचा हात डोक्यावर गेलासुद्धा.
"हे बघा! असं पाहिजे! नॅचरल!"
पोरगेलासा दिग्दर्शक धावत आला,
बाबांची पाठ थोपटून
बाकीच्यांना म्हणाला, यांच्याकडून शिका.

बाबा कुठं शिकले
ते त्यानं विचारलं नाही. आम्ही तरी कुठं विचारलं होतं.
खाण बंद पडली त्या वर्षी सगळे पणजीला गेले होते;
बाबा रात्री उशिरा परतले, एक पाय अनवाणी.
चप्पल बसमध्ये राहिली, म्हणाले.
एकच? आईनं विचारलं.
त्यांनी शीत-कडीचं ताट पुढं ओढलं.

एकूण सात टेक झाले.

मालिका लागली शिगमो संपला त्या आठवड्यात,
शुक्रवारी रात्री नऊला.
अख्खा वाडा आमच्या सोप्यावर,
आंतोननं बाटली आणलेली, कुणी चणे.
नायक ट्रकच्या टपावर चढून बोलला,
मातीबद्दल बोलला, पोटाबद्दल बोलला,
माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.
मग गर्दी. आणि गर्दीतून चार सेकंद
बाबांचा चेहरा, काठोकाठ,
आवाज काढून टाकलेला, वर नुसती व्हायोलिनं.
पोरांनी शिट्या मारल्या.
"रोहिदास, कसली घोषणा देतोस रे?"
बाबा म्हणाले, आता काय आठवतं.

आई टाळ्या वाजवत नव्हती.
क्रशरवर अकरा वर्षं काढलेली बाई,
कान तिथंच ठेवून आलेली.
तिच्यापर्यंत व्हायोलिन पोचलंच नाही.
ती ओठ बघते,
मासळीवालीचे, डॉक्टरचे, माझे,
आणि खोटं बोलताना माझे ओठ
किती कमी हलतात हेही तिला माहीत आहे.

साबणाची जाहिरात लागली.
कुणीतरी बर्फ मागितला.
आई बाबांकडं वळली. आपला आवाज
केवढा मोठा होतो ते तिला कळत नाही,
तो सोपाभर झाला:

"माझी चप्पल, माझी चप्पल, तुडवू नका रे,
असं म्हणताय तुम्ही तिथं.
बसमध्ये राहिली म्हणाला होतात."