गस्त फंड, रहाट गल्ली

वही माझ्याकडं आली
ती मला हिशेब येतो म्हणून नव्हे,
मला झोप येत नाही म्हणून.

मारुतीच्या कट्ट्यावर ठराव झाला :
रहाट गल्ली, वडगाव. घरं एकसष्ट.
दरमहा शंभर, भाडेकरूंना साठ.
लोकेंद्रचा पगार, बॅटरीचे सेल, एक रेनकोट.
सूचक भरमाप्पा मुचंडी.
अनुमोदकाची सही वाचता येत नाही.

पहिलं भांडण फलकावरून.
'गल्लीत गस्त असते' ही एवढी ओळ
आधी कुठल्या भाषेत लिहायची?
तीन बैठका झाल्या. चहाचे सातशे वीस.
शेवटी निंगव्वा पायरीवरनं ओरडली,
"चोर काय वाचून आत येतोय की गा?"
फलक अजून कोराच आहे,
निळा, दोन हात रंग मारलेला.

पोलीस म्हणाले, बीट मोठं आहे, अर्ज कन्नडात द्या.
दिला.
कॉर्पोरेशन म्हणालं, असल्या खर्चाला हेड नाही.
पोच मिळाली.
ती वहीच्या पुठ्ठ्याला टाचलीय,
टाचणीला आता गंज धरलाय.

मग साडीवाले होसूरकर म्हणाले, कॅमेरा माझ्या खर्चानं.
लागला. तोंड त्यांच्याच शटरकडं.
"जरा गल्लीकडं वळवा की."
"मग वायरचं तुम्ही द्या."
ठराव नऊ : कॅमेरा वळवावा.
अंमलबजावणीचा रकाना रिकामा.
मागनं कुणीतरी विचारलं,
ज्याचे पैसे जास्त त्याची मतंबी जास्त काय?
कट्ट्यावर सगळे
आपापल्या चपला बघत बसले.

चौदा घरं थकली.
एकानं सुचवलं, थकलेल्यांच्या दारात शिट्टी नको.
लोकेंद्रला बोलावलं, समजावलं.
त्यानं तिथंच उभं राहून
एकदाच शिट्टी फुंकली.
एकसष्टही घरांना ऐकू गेली.
सूचना मागे घेतली, असं मी लिहिलं.

खरं सांगायचं तर
या गल्लीला गस्त कधी लागलीच नव्हती.
रात्रपाळीला माग चालायचे,
खटखट, खटखट, दारं उघडी, बल्ब पिवळे,
कुणी ना कुणी कांड्या भरत बसलेलं.
परका माणूस चार घरं ओलांडायच्या आत
चार जणी विचारायच्या, कुणाकडं?
त्याची पावती कधी कुणी फाडली नाही.
मग माग किलोवर गेले.
गल्ली नऊला झोपायला लागली
आणि आम्ही कट्ट्यावर जमलो.
आवाज फुकट होता.
शांततेला मात्र
महिन्याला पाच हजार पडतात.

वर्षात एकच माणूस सापडला.
जानेवारीत, रात्री अडीचला,
गोणपाटात काहीतरी जड, खांद्यावर.
लोकेंद्रनं बॅटरी मारली.
शिवपुत्र. सत्तावीस नंबर. थकबाकी पाच महिने.
गोणपाटात मोटर,
त्याच्याच शेडमधली, त्याच्याच मागाची.
दिवसा नेली असती
तर गल्लीनं बघितलं असतं.

लोकेंद्र मला उठवायला आला. मी जागाच होतो.
तिघं तसेच उभे राहिलो थंडीत.
शिवपुत्र म्हणाला, "चोरी नव्हं ही."
मी म्हटलं, "माहितीय की."
मग लोकेंद्रनं बॅटरी विझवली,
गोणपाटाचं एक टोक धरलं
आणि दोघं भंगारवाल्याच्या कोपऱ्याकडं गेले.
त्या रात्री गल्लीचा तेवढा भाग
अर्धा तास बिनराखणीचा राहिला.
कुणाला कळवलं नाही.

वहीत रकाना आहे : आढळलेल्या घटना.
पेन बराच वेळ उघडं ठेवलं.
निरंक, असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
शिवपुत्र दारात आला. बसला नाही.
पाचशे रुपये, मागची सगळी बाकी.
पावती दोनशे सतरा.
नोटा मोजल्या, खिशात टाकल्या,
जेवायला बसलो तेव्हा दिसलं,
अंगठ्याला ग्रीस लागलंय.