खुलासा

मा. अधीक्षक साहेब,
आपला मेमो मिळाला. सातव्या दिवशी मिळाला.
तीन दिवसांत खुलासा द्या, असं त्यात लिहिलं आहे.

चिचटोल्याचं पोस्ट म्हणजे माझ्याच घराचा पुढला खण.
एक टेबल, वजनकाटा, लाखेचा तुकडा,
पत्र्याची पेटी, आणि शिक्का.
शिक्क्यात तारखेचे खिळे असतात,
ज्वारीच्या दाण्याएवढे.
रोज सकाळी चिमट्यानं उचलून बदलायचे.
तीन आणि आठ घासून सारखे झालेत.
नवे मागितले, दोनदा.

मुक्कामी गाडी होती तेव्हा
पिशवी रात्रीच गावात झोपायची.
साडेनऊला मारबते मास्तरांची सायकल
शाळेपुढून जायची, अन् गुरुजी
घड्याळ न बघता हजेरी सुरू करायचे.
गाडी बंद झाली. घड्याळ आहे अजून, शाळेत.
आता पिशवी फाट्यावरच्या पानठेल्यात टाकून जातात,
दिवसाआड, कधी आठवड्यानं.
एकदा खर्ऱ्याच्या पन्न्यांखाली सापडली,
तिला सुपारीचा वास होता,
आणि पत्रांनाही.
फाटा सात किलोमीटर, मधे नाला.

हे मेमोत विचारलेलं नाही, ठाऊक आहे.

विचारलंय ते असं, की कु. सुकेशनी खोब्रागडे हिचं
मुलाखतीचं पत्र वेळेत आलं की नाही.
शिक्का बारा तारखेचा, मुलाखत चौदाची,
तेव्हा तक्रार निराधार दिसते.

साहेब, पत्र सोळाला आलं.

एक तारखेपासून पोट्टी रोज दारात यायची.
"मैतरणीले चौदाचं बलावणं आलं भाऊ,
माहं काहून नाही?"
म्हणून पाकीट न फोडताच कळलं मला
आत काय आहे, आणि ते किती मेलेलं आहे.
पिशवी चार दिवस कुठं पडली होती
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
चिमटा होता.
सहा काढला, दोन बसवला.
हात थरथरला नाही. हेही लिहून घ्या.

तिनं पाकीट उलटंसुलटं केलं.
"बाराले आलं, तं बाराले काहून नाही देल्लं?"
मी म्हणालो, "आलो होतो. कुलूप होतं दाराले."

साहेब, त्यांच्या दाराला कडीच नाही.
तट्ट्याचं दार आहे, सुतळीनं बांधतात.
तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि
"हाव जी" म्हणून गेली.
शिव्या दिल्या असत्या तर
हा खुलासा एवढा लांबला नसता.

शिक्का खोटा. तक्रार खरी.
कारवाई करायची ती करावी.
फक्त पिशवीचंही काही करावं.

त्या दिवसापासून पहाटे फाट्यावर जाऊन उभा राहतो.
कंडक्टर बाई चालत्या गाडीतून पिशवी देतात,
मी छातीवर झेलतो.
परवा एकोणीस पत्रं होती, अकराच्या आत वाटली.
पूनाबाई शेरकीला नातजावयाचं कार्ड वाचून दाखवलं.
तिला वाटलं कोणी वारलं,
एवढ्या सकाळी कोण येतं म्हणाली.
उशीर झाला तर उशिराचाच शिक्का मारतो.
लोक तारीख वाचून शिव्या देतात,
मला बरं वाटतं.

सुकेशनीला पुन्हा फॉर्म भरायचा आहे.
तो मीच रजिस्टर करून पाठवला,
पावती तिच्या हातात दिली.
तिनं पावतीवरची तारीख
भिंतीवरल्या कॅलेंडरशी ताडून पाहिली,
माझ्यासमोर.

हा खुलासा साध्या टपालानं धाडतो आहे.
कोणत्या दिवशी पोचला ते वरती टिपून
फाईलला लावावं.

आणि आठचा खिळा पाठवावा.
आज अठ्ठावीस आहे.
कागदावर तेवीस उठेल.
त्यावर जाऊ नका.

आपला,
दसरू गेडाम,
शाखा डाकपाल, चिचटोला