चौदा एफ

पडदे वर, पाठी सरळ, ट्रे बंद, फोन बंद.
सव्वीस वर्षं हेच म्हणत आले,
इतक्यांदा, की घरी पाहुणे पानावर बसले
तरी नजर आधी त्यांच्या पाठीवर जायची.

त्या रात्री हैदराबादहून येताना
उतरणीला लागलो होतो.
केबिनचे दिवे मंद केलेले.
कुणाचं तरी बाळ कान दुखून रडत होतं.
चौदा एफवर आग्नेल कुलासो, कुडतरीचे,
चाळीस वर्षं बोटीवर कुक
(हे चहा घेतानाच सांगून झालेलं,
गुडघ्याच्या ऑपरेशनसकट),
फोन काचेला चिकटवून बसलेले.

"सर, फोन."
"पळय गो बाय, पळय."

मी वाकले. पाहिलं.

झुआरीच्या वर, आमच्याच उंचीला, एक उजेड.
पिवळा नव्हे. काजळी धरलेल्या काचेमागे
कंदील असतो, तसा.
विमानाला एका हाताला तांबडा असतो, एका हाताला हिरवा,
त्यावरून कळतं कोण कुठे तोंड करून चाललंय.
याला डावं-उजवं नव्हतंच.
आम्ही वळलो तसा वळला.
मग थांबला.
आम्ही थांबू शकत नाही. आम्ही थांबलो की पडतो.
तो थांबला, आणि कुणीतरी वात खाली ओढावी
तसा बारीक होऊ लागला.

"सर, कृपया फोन बंद करा."

आवाज अगदी बरोबर लागला होता. घोषणेचा.
कुलासोंनी माझ्याकडे पाहिलं, नावाच्या पट्टीकडे पाहिलं.
चाळीस वर्षं कॅप्टनचं ऐकलेला माणूस.
बटण दाबून धरलं,
स्क्रीन काळा होईपर्यंत.
पुन्हा काचेकडे वळलो तर
वास्को, बंदर, नांगरलेल्या बोटी,
सगळे आपापल्या जागचे दिवे.

चाकं टेकली आणि फोन वाजू लागले.
पोचलो. उतरलो. गाडी कुठाय? मासे ठेवलेस?
एकशे साठ माणसं, आणि एकाच्याही तोंडी
त्या उजेडाचं नाव नाही.
कुलासोंचा फोन सुरू होत नव्हता.
तळहातावर आडवा, पकडून बराच वेळ झालेल्या
तारल्यासारखा.
दारात मी हात जोडले, पुन्हा भेटू म्हटलं.
"तुवें पळयलां," ते म्हणाले.
प्रश्न नव्हता तो.
मी मागच्या प्रवाशाला हात जोडले.

सगळे उतरल्यावर कॅप्टन चिनॉय गॅलरीशी आले, टोपी हातात.
"केंकरे, उजवीकडे काही दिसलं तुला?"
"कशाबद्दल, सर?"
"काही नाही."
त्यांची मेडिकल दोन महिन्यांवर होती.
माझी मुलगी बारावीला.
रिपोर्टात लिहिलं : सतरा सीचा दिवा लागत नाही.

आता चिखलीत राहते, तिसऱ्या मजल्यावर.
दाबोळीचं प्रत्येक विमान डोक्यावरून जातं,
फडताळातली स्टीलची भांडी
एकमेकांना काहीतरी सांगतात.
शुक्र असेल, असं खूपदा ठरवून पाहिलं.
ट्रॉलर असेल. मांडवीतल्या कॅसिनोचा झोत असेल.
शुक्र वळत नाही.
ट्रॉलर तीन हजार फुटांवर मासे धरत नाही.

मागच्या रविवारी कुडतरीला गेले होते.
देवळापाशी — म्हणजे इगर्जीपाशी — विचारलं.
"खंयचो आग्नेल? कुक?"
तो लेकीकडे, इंग्लंडात. नंबर मिळाला.

रात्री गच्चीत बसून लिहिलं :
मी पाहिलं होतं. तुमच्याइतकंच.
पुसलं. पुन्हा लिहिलं, कोंकणीत.
आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला
आणि मगच पाठवलं.

सव्वीस वर्षांची सवय.

ओळीशेजारी ते छोटं घड्याळ आलंय.
वरून बेंगळुरूचं गेलं, भांडी वाजून थांबली.
अंगठा विमानाच्या चित्रावर आहे.
अजून दाबलेला नाही.