एकोणतीस फेब्रुवारीची बाकी

ठाकूरद्वारच्या आतल्या गल्लीत आमचं दुकान.
ढाली, कप, पदकं; आणि मागे
दीड माणूस मावेल एवढी नावं कोरायची जागा.
जूनमध्ये कुलूप काढलं तेव्हा
मार्चच्या ऑर्डरी तशाच उभ्या काचेमागे.
आंतरशालेय लंगडी, उपविजेता.
पाककला, उत्तेजनार्थ.
कॅरमचा मोठा कप, अंतिम फेरी झालीच नाही,
त्याची पट्टी कोरी.
एवढे सगळे जिंकलेले, आणि न्यायला कोणी नाही.

बँकेत दोरी बांधलेली. दोरीपलीकडे राजाध्यक्ष मॅडम,
तोंडावर मास्क, मास्कवर प्लास्टिकची काच,
काचेवर वाफ.
चांगली योजना आहे, म्हणाल्या,
तारण नको, जामीन नको, हमी सरकारची.
एकोणतीस फेब्रुवारीला तुमची जी बाकी असेल
तिच्या वीस टक्के.
माझी बाकी नाही.
म्हणजे?
म्हणजे कर्ज नाही. कधीच नव्हतं.
अण्णा सांगायचे, उसनं पितळ चकाकत नाही.
मॅडमनी काचेआडून पाहिलं,
दया होती की वाफ, कळलं नाही.
शून्याचे वीस टक्के, एवढंच बोलल्या
आणि पुढचं टोकन पुकारलं.

शेजारच्या लग्नपत्रिकावाल्या कापडियांना मिळाले.
त्यांच्यावर पंधरा लाख आहेत.
पेढे वाटले नाहीत, पण पंखा लावला.
हप्ता पुढे ढकलता येतो, हप्ता असला तर.
दहा हजार मिळतात, फेरीवाला असलात तर;
मला तर शटर आहे, आणि शटर म्हणजे श्रीमंती.
शेवटी पतपेढीत आईच्या पाटल्या ठेवल्या.
वजन करताना त्यांनी आतली लाख वजा केली.
अण्णा, तुम्ही आम्हाला फार स्वच्छ ठेवून गेलात.

तुस्कानोंचा वसईहून रोज फोन.
अठ्ठावीस वर्षं नावं कोरणारा माणूस,
पगाराचं विचारायचा नाही.
विचारायचा, मशीनला तेल घातलंस ना?

राखीच्या आसपास मंडळाचे सेक्रेटरी आले.
एकशे चाळीस सन्मानचिन्हं, कोविड योद्धा,
गणपतीआधी हवीत.
सवलत द्या हां ताई, समाजकार्य आहे.
दिली.
त्या वर्षी मला भेटलेल्या सगळ्यांत
फॉर्म न भरून घेता सवलत देणारी
मी एकटीच.

तुस्कानो आले, भाच्याच्या भाजीच्या टेम्पोतून,
शर्टाला मेथीचा वास.
चार दिवस मशीनची ती करकर,
दात शिवशिवतात तरी कानाला गोड.
नर्सा, झाडूवाले, अँब्युलन्सचे ड्रायव्हर,
दूध पोचवणारा एक बारा वर्षांचा पोरगा.
ब्याण्णवावं नाव: सुलभा तांडेल, आया.
कोरून, पुसून ठेवलेलं.
संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन,
ब्याण्णवच्या आधी कै. टाका.

तुस्कानोंनी पट्टी उजेडात फिरवली.
नाव बरोब्बर मधोमध, दोन्हीकडे
सारखी मोकळी जागा, त्यांचा तोच तर अभिमान.
मी म्हटलं, नवी घ्या, अठरा रुपयांची तर पट्टी.
नको, म्हणाले. हे ती असताना कोरलंय. राहू दे.
आणि डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत
एक अक्षर आणि एक टिंब बसवलं.
आता नाव एका बाजूला कललेलं दिसतं,
एका हातात जड बादली असलेल्या बाईसारखं.

माल गेला. अर्ध्या रकमेचा चेक आला.
उरलेले?
तीन महिन्यांनी बघू, ताई. दिवस कसे आहेत, बघताय ना.
बघतेय.
तुस्कानोंच्या हातात पाकीट दिलं, त्यांनी मोजलं नाही.

रात्री वही उघडून लिहिलं,
मंडळ, बाकी, एकवीस हजार सातशे.
अण्णांच्या वहीत एवढी मोठी बाकी पहिल्यांदाच,
आणि तीही
चुकीच्या बाजूला.